टॅपेट घरी सेट करताय? फिलरची पाती की स्क्रूचा काटा

एटीव्हीचे (चार चाकांच्या क्वाडचे) टॅपेट घरी सेट करायचे म्हटलं की आधी फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पात्यांचं जुडगं, घ्यायचं हे सगळे गृहीतच धरतात. मीही धरलं होतं, आणि चार वर्षांत तीन गेज घेतले. त्यातला एक गंजला, एकाचं नेमकं लागणारं पान चुरगळलं, तिसरा अजून आहे, पण तो आता फक्त शेवटी खात्री करायला डब्यातून निघतो. खरं काम सायकलच्या एका स्पोकने होतं, स्क्रू किती फिरला हे दाखवणारा तोच माझा काटा. हे दोन्ही प्रकार मी एकाच मशीनवर, एकाच जागी बसून (खरं तर झोपून) केलेत, म्हणून ज्याला यातलं काय निवडावं असा प्रश्न पडलाय त्याच्यासाठी लिहितोय.

टॅपेट म्हणजे काय, गॅप कशाला, ते थोडक्यात सांगतो. इंजिनाचा वाल्व दाबणारा जो रॉकर असतो त्याच्या टोकाला हा स्क्रू असतो, आणि गरम झाल्यावर वाल्व लांबतो म्हणून स्क्रू आणि वाल्वचा शेंडा यांच्यात थोडा गॅप ठेवतात. एवढंच आधी बघा की तुमच्या इंजिनाला स्क्रू आणि लॉक नटवाले टॅपेट आहेत ना. स्प्लेंडर, पल्सर १५० यांना जसे असतात तसे. डबल कॅमवाली मशीन असेल, सुझुकीची क्वाडस्पोर्ट झेड४०० किंवा बाईकमध्ये केटीएम ड्यूक २००, तर तिथे शिम (ठराविक जाडीची चकती) बदलावी लागते, फिरवायला स्क्रूच नसतो, तिथे फिलर गेजशिवाय इलाज नाही. आणि यूसीई इंजिनाच्या रॉयल एनफिल्ड क्लासिकसारखे, गॅप स्वतःच सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट असतील तर सेटिंगचा प्रश्नच नाही.

माझी मशीन म्हणजे मामाची. नागावला त्याची नारळ-सुपारीची वाडी आहे, तिथे एक १२५ सीसीची चायनीज क्वाड आहे, किनाऱ्यावर सीझनला राईड मारतात त्यातलीच, एकाने धंदा बंद केला तेव्हा मामाने घेतली. मागे छोटी ट्रॉली लावून नारळ, झावळ्या, शेणखत, पंपाचे पाइप, सगळं तीच ओढते. इंजिन आडव्या सिलिंडरचं. होंडाने १९५८ साली सुपर कब काढली तिच्या इंजिनाचा हा सगळा वंश, आणि होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत आपली पहिली तीनचाकी ऑल टेरेन गाडी आणली, यूएस९०, तिलाही आडवंच इंजिन होतं, म्हणजे या कामाला हे इंजिन काही नवीन नाही.

पण आडव्या इंजिनात एक गोष्ट होते. हेड पुढे तोंड करून असतं, त्यामुळे इनलेटचं झाकण वर येतं आणि एक्झॉस्टचं झाकण बरोबर खाली, जमिनीकडे तोंड करून. कबसारख्या बाईकला याचा काही त्रास नाही, तिथे इंजिन सांगाड्याखाली लटकलेलं असतं, बाजूला बसलं की खालच्या झाकणात हात जातो. एटीव्हीत त्याच इंजिनाच्या खालून चेसिसचे दोन पाइप जातात, त्याखाली पत्रा, पुढे ए-आर्म (पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनचे दांडे), आणि मधे चार बोटांची फट. माझा सगळा निर्णय या चार बोटांत झाला.

आता पातीबद्दल. पातीची पद्धत चुकीची आहे असं मी अजिबात म्हणत नाही. सर्व्हिसच्या पुस्तकात तीच दिलेली असते आणि वरच्या झाकणात ती झकास चालते. मॅग्नेट (क्रँकच्या टोकाचं चाक) फिरवून टी मार्क, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण, समोर आणायचा, दोन्ही रॉकर सैल आहेत का बघायचं (एक जरी ताणलेला लागला तर पिस्टन वर असला तरी स्ट्रोक चुकीचा आहे, अजून एक पूर्ण फेरा द्यायचा), पाती सरकवायची, जरा घासत जाते आहे असं वाटलं की झालं. तिचा एक मोठा गुण म्हणजे काही न सोडता तपासता येतं. नट हलवायचा नाही, स्क्रू हलवायचा नाही, पाती घातली, गेली, बरोबर आहे, झाकण लावलं, पाच मिनिटांत काम खलास. काट्याच्या पद्धतीत हे होत नाही, तिथे गॅप किती आहे हे कळायलासुद्धा नट सोडावा लागतो. ज्यांना दर महिन्याला नुसतं बघून ठेवायची सवय आहे त्यांनी पाती सोडू नये.

अडचण गॅपच्या आकड्यात आहे. या छोट्या इंजिनांना गॅप फार कमी असतो, आमच्या मशीनच्या पुस्तकात दोन्ही वाल्वना ०.०५ मिमी दिलाय. मोठ्या मशीनना जास्त असतो, होंडाच्या ४००ईएक्सला इनलेट ०.१० आणि एक्झॉस्ट ०.१२ आहे, एक्झॉस्टला थोडा जास्त कारण तो जास्त तापतो आणि लांबतो. आता आपल्याकडे साधा फिलर गेज घ्यायला गेलं तर त्याची सगळ्यात पातळ पाती हीच ०.०५ ची असते. म्हणजे आपल्याला लागणारी पाती ही त्या अख्ख्या जुडग्यातली सगळ्यात नाजूक. कागदासारखी. तिच्या खाली ०.०४ ची पाती नाही, म्हणजे "ही जाते, ती जात नाही" अशी दोन बाजूंनी खात्री करायची तर एकच बाजू हातात.

वरच्या झाकणात ती सरळ जाते, मग काही वाटत नाही. खाली काय होतं ते सांगतो, कारण मला ज्याने वैताग आणला ते हेच. तुम्ही पाठीवर झोपलेले, तेल थेंब थेंब मनगटावरून कोपरापर्यंत उतरतंय, बॅटरी दातात किंवा पाइपात अडकवलेली. १७ च्या पान्याने उघडणाऱ्या झाकणाचं भोक आत्ता डोळ्यासमोर आहे पण पाती त्यात सरळ घालायला जागा नाही, चेसिसचा पाइप आडवा. मग ती पाती वाकवायची. बाजारात वाकवलेल्या टोकाचे फिलर मिळतात ते मीही आणले, दुसरा गेज तोच होता, पण ०.०५ ची पाती वाकवली की ती वाकलेल्या जागी हळूहळू कमान धरते. ही कमान डोळ्याला दिसत नाही. पण गॅपमध्ये शिरताना ती वर रॉकरच्या स्क्रूला आणि खाली वाल्वच्या टोकाला दोन्हीकडे टेकते आणि हाताला "घासते आहे" असं लागतं. आपल्याला वाटतं गॅप टाइट आहे. म्हणून आपण स्क्रू जरा सोडतो. आता घासणं बरोबर लागतं, नट आवळतो, झाकण लावतो, मशीन चालू करतो आणि खालून टकटक टकटक.

असं माझं एकदा झालं, मग दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्या वेळी मी नवीन पाती घेऊन बसलो तरी झालं. त्या तिसऱ्या वेळी कारण वेगळं होतं आणि ते कळायला मला एक पूर्ण पावसाळा लागला. स्क्रूच्या टोकाला, जिथे तो वाल्वच्या शेंड्यावर आपटतो, तिथे वर्षानुवर्षांच्या आपटण्याने वाटीसारखा खड्डा पडला होता. अगदी उथळ, नखाला लागेल न लागेल इतका. वाल्वचा शेंडा त्या वाटीत बसतो, पण पाती सपाट, ती वाटीच्या काठांवर पुलासारखी टेकते. म्हणजे पाती सांगते ०.०५, आणि खरा गॅप म्हणजे ०.०५ अधिक त्या खड्ड्याची खोली. पाती कितीही नवी आणली तरी ती खड्ड्यात उतरणार नाही. काही जुने फिटर पाती दोन्ही बाजूंनी घासून वाल्वच्या शेंड्यापेक्षा अरुंद करून ठेवतात ते याचसाठी, आणि ते बरोबर आहे, पण ०.०५ ची पाती अरुंद केली की ती अजून लवकर चुरगळते.

आवाजाचं तेवढ्यावर राहिलं असतं तर मी सोडूनही दिलं असतं, कारण टॅपेट जरा वाजत असेल तर इंजिनाचं लगेच काही बिघडत नाही. पण मामाला आवाज नको होता. दिवाळीच्या आधी तो मशीन घेऊन एका गॅरेजला गेला, तिथे आवाज बंद होईपर्यंत टॅपेट टाइट करून दिले. आठवडाभर सगळे खूश. मग सकाळी एकदा चालू व्हायची, पण दोन खेपा मारून गरम झाली आणि बंद केली की परत सेल्फने उचलेना. बॅटरी बदलून बघितली, प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा मशीन शेडमध्ये ताडपत्रीखाली आणि मामा स्वतः डोक्यावरून नारळ वाहत होता, त्याचं वय आता सत्तरच्या घरात आहे, ते बघून मला फार वाईट वाटलं. थंड मशीनवर खालचं झाकण काढलं तर एक्झॉस्टचा रॉकर अजिबात हलत नव्हता. गॅप शून्य. गरम झालं की वाल्व लांबतो, सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, मग कितीही सेल्फ मारा. आणि असंच चालवत राहिलं तर एक्झॉस्ट वाल्व जळतो, कारण त्याची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते, टेकलाच नाही तर ती जाणार कुठे.

तेव्हा ठरवलं की ही पाती खाली चालत नाही, दुसरं काहीतरी बघायचं.

दुसरं म्हणजे काटा. यात नवीन काही नाही, स्क्रूच्या आट्यांचं साधं गणित आहे. स्क्रू एक पूर्ण फेरा फिरला की एका आट्याएवढा पुढे जातो. आमच्या मशीनचा नवा स्क्रू दुकानातून आणला, व्हर्नियर लावून दहा आटे मोजले, ५ मिमी भरले. म्हणजे एक आटा अर्ध्या मिमीचा. एका फेऱ्यात ०.५ मिमी, मग ०.०५ साठी फेऱ्याचा दहावा भाग, ३६ अंश. घड्याळाच्या भाषेत सहा मिनिटं. काही मशीनच्या स्क्रूला पाऊण मिमीचा आटा असतो, तिथे हेच २४ अंश, म्हणजे चार मिनिटं होतं, म्हणून तुमचा स्क्रू एकदा मोजल्याशिवाय माझे आकडे वापरू नका. स्क्रू पाच-पन्नास रुपयांची वस्तू आहे, नवाच आणा, मोजा आणि तोच बसवा, खड्ड्याचाही प्रश्न सुटतो.

करायचं असं की नट सोडायचा, स्क्रू दोन बोटांनी हलकेच आत फिरवत गॅप शून्य करायचा, आणि तिथून सहा मिनिटं उलटा. सहा मिनिटं डोळ्याने कशी मोजायची यासाठी मी टॅपेटच्या लांब टी-हँडलला (स्क्रू फिरवायच्या टी आकाराच्या दांडीला) एक सायकलचा स्पोक तारेने आडवा बांधला, मध्यापासून टोकापर्यंत बरोबर १० सेमी. आता हँडल ३६ अंश फिरलं की स्पोकचं टोक सरळ पट्टीने मोजलं तर ६.२ सेमी सरकतं. हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. आत ०.०५ मिमी आणि बाहेर सहा सेमी! ०.०५ मिमी हाताला नीट जाणवतं असं मी तरी छातीठोक सांगू शकत नाही, पण सहा सेमी कोणालाही दिसतं. माझी अर्ध्या सेमीची चूक झाली तरी आत फरक पडतो ०.००४ मिमीचा.

आणि लांब दांडीचं हँडल असल्यामुळे स्पोक फिरतो चेसिसच्या पाइपांच्या खाली, मोकळ्या जागेत. वर भोकात फक्त हँडलचं टोक आणि नऊचा रिंग पाना. पाइपला एक पुठ्ठा चिकटवायचा, त्यावर पेन्सिलीने शून्याची खूण, तिथून ६.२ सेमीवर दुसरी खूण. वाकलेली पाती नाही, घासते की नाही घासते हा प्रश्न नाही.

मला यातलं सगळ्यात जास्त आवडलेलं म्हणजे नट आवळतानाचं. टॅपेट ज्याने केलेत त्याला माहीत आहे, सेटिंग कितीही छान झालं तरी शेवटी लॉक नट आवळताना स्क्रू किंचित सोबत फिरतो आणि सगळं परत पहिल्यापासून. पातीच्या पद्धतीत स्क्रू फिरला हे नट आवळून झाल्यावर, पाती परत घालून कळतं. इथे स्पोकचं टोक खुणेवरून सरकताना समोर दिसतं, एक सेमी गेलं तरी दिसतं, तिथेच हँडल धरून ठेवायचं आणि नट पक्का करायचा. सुरुवातीला मी एका वाल्वला पाच-सहा वेळा नट खोल-आवळ करायचो, आता बहुतेक दुसऱ्या वेळेला होऊन जातं.

आता काट्याची अडचणही सांगितली पाहिजे, कारण ती आहे आणि ती सांभाळली नाही तर हीसुद्धा पद्धत फसवते. सगळा भरवसा शून्यावर आहे. शून्य चुकला तर पुढचे सहा सेमी कितीही बरोबर मोजले तरी उपयोग नाही. टी-हँडलने जोर लावला तर बारीक आट्यामुळे वाल्वची स्प्रिंगसुद्धा थोडी दाबली जाते आणि आपल्याला कळतही नाही, म्हणून शून्याला जाताना हँडलच्या आडव्या दांडीला हात लावायचा नाही, मधली दांडी दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवायची. रॉकर एका बाजूने बोटाने हलवत राहायचं, तो टिक टिक हलतो, हलायचा थांबला की तो शून्य. मी हे तीनदा करतो आणि तिन्ही वेळा स्पोक पुठ्ठ्यावर कुठे थांबला त्याची खूण करतो. तिन्ही खुणा अर्ध्या सेमीत आल्या तर पुढे जायचं, नाहीतर परत. आजवर तरी तिसऱ्या वेळेपर्यंत येतातच, पहिली खूण बहुतेक लांब पडते, तेलाचा थर मधे असतो म्हणून असेल असं मला वाटतं.

दुसरं, नट पूर्ण सैल असताना स्क्रू आट्यांमध्ये जरा डुगडुगतो, आणि नट आवळला की तो वर ओढला जातो, गॅप आपण मोजला त्यापेक्षा किंचित वाढतो. यावर मी असं करतो की नट अगदी मोकळा सोडत नाही, हाताला जड लागेल इतपत बसवून ठेवतो आणि त्याच स्थितीत शून्य काढतो आणि मागे फिरवतो. मग ओढ आधीच बसलेली असते. पहिल्या वेळी मला हे माहीत नव्हतं आणि वरच्या वाल्वला नंतर ०.०५ ची पाती घातली तर ती फारच सैल गेली होती. आता मात्र वर काट्याने सेट करून पाती घातली की दर वेळी नेमकी हलकी घासत जाते. माझी खात्री यावरच झाली, कारण वर पाती सरळ जाते, तिथे ती खोटं बोलत नाही, आणि तिथे काटा आणि पाती एकमेकांशी जुळतात म्हणजे खाली काट्यावर विसंबायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट, चार वाल्वच्या काही इंजिनात एका रॉकरला दोन स्क्रू असतात. तिथे एक शून्य करताना दुसरा आधी चांगला मागे घ्यावा लागतो, नाहीतर एक टेकल्यावर दुसऱ्याचा शून्य कळतच नाही. होतं काम, पण गुंतागुंत आहे, तिथे दोन्हीकडे दोन पात्या घालून बसणं मला वाटतं सोपं जाईल, स्वतः केलेलं नाही.

गॅरेजचे जुने लोक यातलं काहीच वापरत नाहीत, रॉकर बोटाने हलवून बघतात आणि "बास" म्हणतात. मी अलिबागला एका फिटरचं काम बघितलंय, वीस वर्षं तो हेच करतोय, त्याने हाताने केलेला टॅपेट मी गुपचूप पातीने तपासला तर बरोबर निघाला. तो हात दिवसाला चार मशीन केल्याने येतो. आपण वर्षातून दोनदा करणार, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा मे महिन्याच्या आधी, आपला हात तसा बसणार नाही, म्हणून आपल्याला डोळ्याला दिसेल असं काहीतरी हवं.

थंड इंजिनाबद्दल एक सांगायचं राहिलं. होंडाच्या पुस्तकांत टॅपेट बघताना इंजिन ३५ अंशाच्या खाली असावं असं लिहिलेलं असतं. नागावला एप्रिल-मेच्या दुपारी शेडमध्ये न चालवलेलं इंजिनसुद्धा तेवढं गरम असतं, पत्रा तापलेला असतो. म्हणून मी सकाळी सहा-साडेसहाला, मामा पंप लावायच्या आधी, चहा घेऊन लगेच बसतो. रात्रभर थंड झालेलं इंजिन हवं, "तासभर बंद आहे" हे पुरत नाही.

आणि खाली झोपायचं तर पुढची चाकं उचलून खाली दोन जांभ्याचे चिरे, त्यावर फळी, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नका. पुढून उचलण्याचा एक फायदा मला नंतर कळला, हेड वर झाल्याने त्यातलं तेल मागे क्रँककेसमध्ये उतरतं, मग खालचं झाकण काढताना जे तेल अंगावर यायचं ते फार कमी येतं. आधीची तीन वर्षं मी मशीन सपाट ठेवून करत होतो आणि दर वेळी एक शर्ट जायचा.

खर्चाचं म्हणाल तर फार फरक नाही. फिलर गेज साधा घेतला तर दोनशेच्या आतबाहेर, टी-हँडल त्याहून थोडं जास्त, स्पोक सायकलच्या दुकानात मागितला तर तसाच देतात. डायलवालं तयार टॅपेट टूलही बाहेरून येतं, नट आणि स्क्रू एकाच दांडीत आणि वर अंशांच्या खुणा, ते याच गणितावर चालतं. ते महाग पडतं आणि आमच्या पाइपांच्या फटीत ते मावेल की नाही याची मला शंका होती म्हणून नाही घेतलं, पण उभ्या इंजिनाची, वरून मोकळी मशीन असेल आणि पैसे घालायची तयारी असेल तर त्याचा विचार करायला हरकत नाही. गेजची काळजी मात्र घ्या, खाऱ्या हवेत उघडा ठेवला तर एका पावसाळ्यात पात्या एकमेकींना चिकटतात. मी आता तेलाने माखून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवतो.

तर तुमचं इंजिन उभं असेल, झाकण काढल्यावर पाती सरळ हाताने आत जात असेल, स्क्रूचं टोक सपाट असेल आणि गॅप ०.१० किंवा जास्त असेल, तर पातीच घ्या, उगाच स्पोक बांधत बसू नका, ०.१० ची पाती बरीच टणक असते, तिला असे आजार नाहीत. गॅप ०.०५ चा असेल आणि एखादं झाकण खाली किंवा चेसिसच्या आड असेल तर मी काटाच सुचवेन, पातीने दोनदा करूनही टकटक राहिली असेल तर नक्कीच. दोन्ही जवळ असणं सगळ्यात चांगलं, वर काट्याने करून पातीने पडताळायचं आणि मग त्याच हाताने, त्याच शून्याने खाली जायचं. मी तरी हल्ली वरचा आधी करतो तो यासाठीच, हात आणि नजर बसते.

या एप्रिलला केलं तेव्हा खाली एक्झॉस्टला काटा शून्यावर आणताना साधारण चार सेमीच फिरला, म्हणजे सहा महिन्यांत गॅप थोडा कमी झाला होता, वाल्व सीटमध्ये बसत गेला की तसं होतं. हे पातीने मला आधी कधी कळलंच नव्हतं, ०.०५ ची पाती जात नाही एवढंच कळायचं, किती कमी झालाय ते नाही. आता पुठ्ठ्यावर तारीख घालून खुणा ठेवतोय, शेडच्या भिंतीला खिळ्याला अडकवलाय, दिवाळीला परत बघेन. झाकणाची ओ-रिंग तेवढी या वेळी बदलायची राहिली, खाली एक थेंब धरतोय असं मामाचा काल फोन आला होता, पुढच्या शनिवारी जाताना घेऊन जातो.